टोटली ऑरेंज्ड!

परवा नागपूरच्या धरमपेठेत पोहे खाताना कॉलेजातल्या एका पोरानं मोबाइल पुढे केला. "सर, दारू चढलेल्यासाठी इंग्रजीत पाचशेच्या वर शब्द! हे लोक शुद्धीत असतात तरी कधी?" म्हटलं, आधी तर्री घे.

आकडा खोटा नाही. जर्मनीतल्या दोन भाषाशास्त्रज्ञांच्या यादीत असे 546 शब्द आहेत. बेंजामिन फ्रँकलिननं तर 1737 मध्येच आपल्या वर्तमानपत्रात दोनशेवर छापले होते. गफलत निष्कर्षात आहे: शब्द जास्त म्हणजे पिणंही जास्त, असं नाही. 'एस्किमोंकडे बर्फासाठी शेकडो शब्द' ही थाप अशीच फुगत गेली. 1911 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआसनं दिले होते अवघे चार.

गंमत शब्दांत नाही, साच्यात आहे. हॅमर्ड, स्मॅश्ड, प्लास्टर्ड: हातोडा, ठिकऱ्या, गिलावा. दारूशी कुणाचंच नातं नाही. पण शेवटचा 'ड' हा कर्मणी धातुसाधिताचा प्रत्यय. माणूस इथं कर्ता उरत नाही, त्याच्यावर काहीतरी येऊन आदळलेलं असतं. आधी 'टोटली' लावा, वेळ शनिवार रात्रीची ठेवा, की उरलेला अर्थ ऐकणारा स्वतःच भरतो. मायकेल मॅकिंटायर या ब्रिटिश विनोदवीरानं 'गझिबोड' (गझिबो म्हणजे बागेतला मंडप), 'कारपार्क्ड' असले शब्द वापरून हेच दाखवलं. अर्थ शब्दाच्या पोटात नसतो, त्याला मिळालेल्या जागेत असतो. भाषाशास्त्रात अशा अर्थवाही साच्याला 'रचना' म्हणतात.

आता 'आय वॉज टोटली ऑरेंज्ड' म्हणून बघा. लंडनचा माणूस हसत समजून घेईल. पण 'काल मी पार संत्रा झालो' म्हटलं तर नागपूरकरही तोंडाकडे बघेल, आणि संत्रा नावाची देशी दारू त्याला चांगली ठाऊक असते! कारण 'झालो' नुसता बदल सांगतो, आघात नाही. मराठीनं ते काम नादावर सोपवलंय: टुन्न, तर्र, टल्ली. सुरुवातीला ट किंवा त, मग जोडाक्षराचा ठोका. 'काहून बे, टाइट हाय का?' मधला टाइट इंग्रजीतून आला, पण ट घेऊनच आला.

वापराचं म्हणाल तर 'व्हेरी हॅमर्ड' कानाला खटकतं. हॅमर्ड आधीच टोकाचा, त्याला 'अ‍ॅब्सोल्यूटली' हवं. थोडी चढली तर 'अ बिट टिप्सी'. कागदोपत्री 'इन्टॉक्सिकेटेड'. 'पिस्ड' मात्र जपून: ब्रिटनमध्ये टुन्न, अमेरिकेत संतापलेला. नागपुरातल्या मिहानच्या आयटी कंपनीत बसून अमेरिकन क्लायंटचा 'आय अ‍ॅम पिस्ड' असा निरोप वाचलात, तर लिंबूपाणी सुचवू नका. कालचा कोड तपासा.