व्हिएन्नाच्या नावातला गळालेला 'द'

पर्यटनाच्या पुस्तकांत हमखास आढळणारं विधान: 'विंदोबोना' या रोमन छावणीच्या नावाचा अपभ्रंश होऊन जर्मन 'वीन' आणि आपलं 'व्हिएन्ना' ही रूपं आली. अनेक भाषाशास्त्रज्ञांना हे पटत नाही. त्यांचा भक्कम पुरावा जर्मनमध्ये नाही, तर ऑस्ट्रियातल्या अल्पसंख्याकांच्या भाषांत आहे.

तिथे कायद्याने मान्य केलेले सहा अल्पसंख्य गट आहेत: क्रोएट, स्लोव्हेन, हंगेरियन, चेक, स्लोव्हाक आणि रोमा. चेक भाषक या शहराला 'वीदेन्य' म्हणतात, स्लोव्हाक 'व्येदेन्य'. हंगेरियन आणि क्रोएट यांचं नाव 'बेच'. स्लोव्हेन भाषेत शहरच 'दुनाय'! दुनाय हे डॅन्यूबचं जुनं स्लाव नाव (चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेन, क्रोएट या साऱ्या स्लाव कुळातल्या भाषा). स्लोव्हेनांनी ते शहराला दिलं आणि नदीला ते 'दोनावा' म्हणतात. याचा उगम सरळ आहे. खरा वाद उरलेल्या दोन नावांचा.

चेक नावातल्या 'द'कडे पाहा. जर्मन 'वीन'मध्ये तो नाही. साल्झबुर्गच्या बखरीत ८८१ सालच्या नोंदीत हंगेरियनांशी झालेल्या लढाईचं ठिकाण 'वेनिया' असं येतं. तिथेही 'द' नाही. मग चेकांनी तो आणला कुठून? 'वेनिया' ऐकून कोणी मध्येच 'द' घालणार नाही. उलट 'द' गळणं नेहमीचं आहे: संस्कृत 'पाद'चा मराठीत 'पाय' झाला, तेव्हा दोन स्वरांमधला 'द' असाच गेला. म्हणून अभ्यासक मूळ केल्टिक (रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या केल्ट लोकांच्या भाषेतलं) रूप 'वेदुनिया' असं मांडतात, अर्थ 'रानातला ओढा'. हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, ते मागे जाऊन रचलेलं आहे. पण अर्थ जागेला बसतो: वीन नावाची छोटी नदी शहराच्या पश्चिमेच्या जंगलातूनच येते. एका मतानुसार लॅटिनमधून उतरलेल्या स्थानिक बोलीत 'द' गळला आणि बव्हेरियन जर्मनांनी ते झिजलेलं रूप उचललं. स्लावांच्या कानावर मात्र 'द'सकट रूप पडलं होतं.

'विंदोबोना'ची अडचण इथेच होते. त्यातला 'न्द' हा जोड आणि पुढचा 'ब' दोन्ही मागमूस न ठेवता जायला हवेत, आणि तसं नियमाने होताना दिसत नाही.

आता एक बारीक चाचणी. चेकमध्ये 'व्हिएन्नात' म्हणताना 'वे वीद्‌नि' म्हणतात. 'दे'मधला 'ए' विभक्ती लागताच उडतो. जुन्या स्लावमध्ये अतिऱ्हस्व स्वर होते. साधारण दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास ते काही जागी गळले, काही जागी 'ए' झाले. तेव्हा हे नाव त्याआधीच स्लावांकडे होतं, असा तर्क निघतो. पण एवढ्यावर थांबलं तर फसगत होते. चेक 'ओहेन्य' म्हणजे आग, आपल्या 'अग्नी'चा सख्खा भाऊ. त्यातला 'ए'ही विभक्तीत उडतो, मात्र तिथे मुळात स्वर नव्हताच, उच्चार सोपा करायला तो मागाहून घुसला. म्हणजे उडणारा 'ए' एकटा काळ सिद्ध करत नाही. 'द'चा पुरावा सोबत हवाच.

नुसत्या नादसाम्याला या कामात किंमत नाही. कोणी 'व्हिएन्ना' आणि 'वृंदावन' शेजारी ठेवून अभिमानाचा संदेश पुढे ढकलला, तर एकच विचारावं: प्रत्येक ध्वनी कुठल्या नियमाने बदलला, आणि तोच नियम त्या भाषेतल्या आणखी कुठल्या शब्दांत दिसतो?

हाच प्रश्न 'बेच'ला विचारला की अभ्यासकही अडतात. हे नाव ना 'वेदुनिया'शी जुळतं ना 'विंदोबोना'शी. ऑटोमन काळातल्या तुर्कीतही ते 'बेच'च होतं. एक जुना अंदाज असा की ते अवार या पूर्वेकडून आलेल्या भटक्या घोडेस्वार लोकांकडून आलं. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने आठव्या शतकाच्या अखेरीस मोडून काढेपर्यंत या प्रदेशावर त्यांचीच सत्ता होती. इतिहासाला हे शोभतं, पण तपासायचं कशाशी? अवार भाषेतून आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः 'खागान', 'तुदुन' यांसारखी पदनामं आणि काही व्यक्तिनामं. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर ध्वनिबदलाचा एकही नियम बांधता येत नाही. त्यामुळे 'अवार' हा शब्द अनेकदा उत्तर म्हणून छापला जातो, तो प्रत्यक्षात अंदाजच आहे.