बुद्ध्यांक १३० : पण कोणाच्या तुलनेत?

सहा वर्षांच्या मुलीच्या बुद्धिमापन चाचणीचा अहवाल हातात पडला की आईबाबांची नजर आधी एकाच आकड्यावर जाते. समजा, तिथे १३० लिहिलंय. कितीपैकी १३०? तर कितीपैकीच नाही. तिच्याच वयाच्या मुलांमध्ये ती कुठे आहे, एवढंच हा आकडा सांगतो. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात याचं माप) १५ धरून ही पट्टी आखलेली असते. १३० म्हणजे सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलनं. शंभरात जेमतेम दोन मुलं तिच्या पुढे असतील. शेजारी लिहिलेलं '९८ पर्सेंटाइल' तेच सांगतं. सीईटीमुळे हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला, तरी त्याचा अर्थ ९८ टक्के मार्क असा लावणारे अजून भेटतात.

गंमत म्हणजे या चाचण्या हुशार मुलं शोधायला जन्मल्याच नाहीत. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ साली पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या, जास्त मदत लागणाऱ्या मुलांसाठी. पुढे 'मानसिक वय' आलं आणि १९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने त्याला प्रत्यक्ष वयाने भागायला सुचवलं. चार वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलांइतकं करत असेल, तर सहा भागिले चार गुणिले शंभर, म्हणजे १५०. हिशेब सोपा, पण फसवा. दहा वर्षांचं मूल असंच दोन वर्षं पुढे असेल तर त्याचा बुद्ध्यांक १२० भरतो. म्हणून आजच्या बहुतेक चाचण्यांनी हा भागाकार सोडला आणि समवयस्कांशी तुलना धरली.

आपल्याकडे मात्र भागाकार अजून पुरता गेलेला नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाडला मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिनेची चाचणी बेतून घेतली. परदेशी प्रश्न जसेच्या तसे न उचलता इथल्या मुलांवर तपासून घ्यायचे, हे त्या काळात मोठं काम होतं. बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते, आणि तिच्यात बुद्ध्यांक त्याच भागाकाराने निघतो. त्याहून मोठी अडचण आहे ती ज्या मुलांच्या तुलनेत ही चाचणी उभी आहे त्यांची. विसाव्या शतकात अनेक देशांत अशा चाचण्यांतली कामगिरी दर दहा वर्षांनी साधारण तीन गुणांनी वाढत गेल्याचं जेम्स फ्लिन या संशोधकाने दाखवलं. जुन्या पिढीच्या निकषांवर आजचं मूल मोजलं तर आकडा फुगलेला येण्याची शक्यता बरीच. म्हणून '१४५ आला' हे ऐकल्यावर माझा पहिला प्रश्न असतो : कोणत्या चाचणीवर, आणि तिचे निकष कधीचे?

आता त्या १३० च्या आत शिरू. डेव्हिड वेक्स्लर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मुलांसाठीच्या चाचणीच्या पाचव्या आवृत्तीत एकूण आकड्यामागे पाच निर्देशांक असतात : भाषिक आकलन, दृश्य-अवकाशीय क्षमता, नव्या प्रश्नांवरचा तर्क, कार्यस्मृती (माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणं) आणि प्रक्रियेचा वेग. आपल्या मुलीचे ते अनुक्रमे १४२, १३१, १३६, ११० आणि ९६ आहेत असं धरा. भाषेत ती हजारात दोन-चार मुलांमधली, आणि वेगात अगदी चारचौघांसारखी. या दोन टोकांची बेरीज करून काढलेला एक आकडा तिच्याबद्दल फारसं काहीच सांगत नाही. ती वर्गात प्रश्न विचारून बाईंना भंडावून सोडत असेल, आणि त्याच तासाला तिची वही अर्धी कोरी राहत असेल. घरी 'एवढी हुशार, मग लिहायचा आळस का?' हे ठरलेलं.

वेगाच्या उपचाचण्यांत पेन्सिल धरून भराभर चिन्हं काढायची किंवा जुळणारी शोधायची असतात. सहाव्या वर्षी बोटं अजून तयार होत असतात. त्यात एखादं चिकित्सक पोर प्रत्येक चिन्ह नीटनेटकं कोरत बसतं, आणि घड्याळ पुढे जातं. प्रज्ञावान मुलांत अशी दरी वारंवार दिसते. म्हणूनच कार्यस्मृती आणि वेग बाजूला ठेवून उरलेल्या भागांवरून 'सामान्य क्षमता निर्देशांक' वेगळा काढण्याची सोय या चाचणीत आहे. तो अहवालात नसेल तर मागून घ्यावा. दरी फार मोठी असेल तर लिहिण्यात खरीच अडचण आहे का, हेही तपासायला हवं. हुशारीच्या आड अशी अडचण वर्षानुवर्षं झाकली जाते.

शिवाय आकड्यात थोडीफार चूक गृहीतच असते. १३० म्हणजे पाच-सहा गुण इकडेतिकडे धरूनच वाचायचा. तेव्हा प्रज्ञावान ठरवायला १३० ही काटेकोर हद्द ठेवून १२८ वाल्याला बाहेर बसवणं मला शुद्ध कारकुनी वाटते. लुइस टर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात बुद्धिमान मुलांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला, त्यात विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ ही मुलं हद्दीत बसली नाहीत. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

चार-पाच वर्षांच्या वयातले आकडे तर जास्तच हलतात. झोप झाली नाही, परक्या काकांशी बोलायला लाजली, एवढंही पुरतं. फार वरचा आकडा दुसऱ्या वेळी थोडा खाली येणं हेही संख्याशास्त्राला धरूनच आहे. मूल मंदावलं असा त्याचा अर्थ नाही. उलट तीच चाचणी लगेच पुन्हा दिली तर सरावाने गुण वाढतात. शिष्यवृत्ती परीक्षेतला बुद्धिमत्ता चाचणीचा भाग सराव करून द्यायचा असतो. इथे सराव केला तर मोजमापच बिघडतं. आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलीची भाषिक चाचणी इंग्रजीत झाली असेल, तर तिथला आकडा बऱ्याच अंशी इंग्रजीचा आहे.

अहवालात बहुतेक वेळा एक पान 'चाचणीदरम्यानची निरीक्षणं' असं असतं. अवघड प्रश्नावर ती किती वेळ टिकली, उत्तर येत नसताना अंदाज बांधला की गप्प बसली, कंटाळा कुठे आला, हे मानसशास्त्रज्ञाने त्यात लिहिलेलं असतं. शाळेत बाईंना दाखवायला पहिल्या पानाऐवजी त्या पानाची झेरॉक्स न्यावी.