मोटोक्रॉस बूट : फिटिंग, आराम आणि परफॉर्मन्स

मोटोक्रॉस बूट म्हणजे मातीच्या ट्रॅकवर, उड्या आणि खड्ड्यांमधून बाईक पळवताना घालायचा, गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत येणारा कडक बूट. तळवा, घोटा, नडगी, पोटरी सगळं तो झाकतो, जोडीचं वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो भरतं, आणि नवा असताना तो घालून धड चालताही येत नाही. पहिल्यांदा घेणारे इथेच फसतात. दुकानात चार पावलं चालून बघतात, कडक लागला की एक नंबर मोठा मागतात आणि मग पुढची दोन-तीन वर्षं तो बूट पायात खुळखुळत राहतो. हा बूट चालायला नाही, फूटपेगवर, म्हणजे बाईकच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला असलेल्या दांड्यांवर, उभं राहायला बनवलेला असतो, त्यामुळे तो बसतो की नाही हेही तसंच उभं राहून बघायचं.

मोटोक्रॉस हा खेळ ब्रिटनमधल्या १९२० च्या दशकातल्या स्क्रॅम्बल शर्यतींमधून आला, १९५७ पासून त्याची वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे. सुरुवातीचे रायडर चामड्याचे उंच बूट घालायचे, लष्करी किंवा कामाचे, जे मिळतील ते. खास या खेळासाठी बूट बनवायला लागले ते इटलीच्या व्हेनेतो भागातले कारागीर. माझेर, अझोलो, मोंतेबेल्लुना ही गावं डोंगर चढायच्या आणि स्कीच्या बुटांसाठी आधीपासून प्रसिद्ध, आणि सिदी (१९६०), गाएर्ने (१९६२), अल्पाइनस्टार्स (१९६३) या तिन्ही कंपन्या याच पट्ट्यात सुरू झाल्या. कडक कवच, बकलं, पाय आत घट्ट धरून ठेवणं हे सगळं स्कीच्या बुटाच्या फार जवळचं आहे, ते उगाच नाही. ५०० सीसीमध्ये पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला बेल्जियमचा रॉजर डी कॉस्टर अल्पाइनस्टार्सचे बूट घालायचा, त्यामुळे १९७० च्या दशकात हे नाव सगळीकडे पोचलं.

आता बुटात काय काय असतं ते बघू, कारण कुठला भाग सैल पडतो आणि कुठला कधीच पडत नाही हे त्यावरच ठरतं. बाहेरचं कातडं आजकाल बहुतेक वेळा मायक्रोफायबरचं, म्हणजे कृत्रिम चामड्याचं. नडगीवर, टाचेवर, घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिकच्या प्लेटी. सोलच्या आत स्टीलची पट्टी, जी नसेल तर उडी मारून खाली येताना फूटपेगचा सगळा दणका तळव्याच्या एकाच रेघेवर बसेल. आतल्या बाजूला, जिथे पाय बाईकला आणि सायलेन्सरच्या पाइपला घासतो तिथे उष्णता सहन करणारं रबर किंवा खरखरीत चामडं, त्यानेच बाईक पायात पकडता येते. पुढून सहसा तीन-चार बकलं, वर वेल्क्रो आणि माती आत जाऊ नये म्हणून कापडी किंवा रबरी कड. महागड्या काही बुटांत आत वेगळा निघणारा मऊ बूट असतो, काहींत घोट्याला बिजागरी, म्हणजे हिंज.

माप घ्यायची पद्धत साधी आहे पण बरेच लोक ती करतच नाहीत. संध्याकाळी, दिवसभर फिरून पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पाय सेंटीमीटरमध्ये मोजायचे आणि मोठा पाय धरायचा. युरोपियन नंबरात एका नंबराचा फरक म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे "एकच नंबर मोठा घेतला" हे वाटतं तेवढं लहान नाही. आणि रोजच्या स्पोर्ट्स शूजचा नंबर इथे तसाच्या तसा चालेल असं धरून चालू नका, प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. आपल्याकडे पुष्कळांचे पंजे रुंद असतात आणि काही इटालियन साचे अरुंद, मग लांबी बरोबर असूनही करंगळीच्या हाडावर दाबतं. तिथे नंबर वाढवला तर पंजाला जागा मिळते पण टाच मागे सैल पडते, म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं घेतलं. अशा वेळी नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची.

घालून बघताना ज्या मोज्यांवर चालवणार तेच उंच, पातळ मोजे घालायचे (सुती नकोत, घामाने भिजून गोळा होतात), आणि नी ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा कडक पट्टा, वापरत असाल तर तोही, कारण ब्रेसचा खालचा भाग बुटाच्या आत जातो आणि पोटरीशी जागा नसेल तर वरचं बकल लागतच नाही. पाय आत घातला की टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची, मग घोट्याजवळचं बकल आधी लावायचं, त्याने टाच जागच्या जागी धरली जाते, बाकीची नंतर. सरळ उभं असताना बोटं पुढे जेमतेम टेकली तर चालतं. मग गुडघे वाकवून, कंबर मागे घेऊन, बाईकवर उभे राहतो तसं उभं राहायचं, बोटं मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. स्टुलाच्या दांडीवर चवडा ठेवून वजन टाकून बघता आलं तर अजून उत्तम. चालताना टाच किंचित उचलली जाणार, सोल वाकत नाही ना, ते ठीक आहे. पण वाकून उभं असताना पाय बुटाच्या आत डावी-उजवीकडे फिरत असेल तर तो बूट परत ठेवा, कितीही मऊ वाटला तरी.

आता नवा बूट लागतो तेव्हा नेमकं काय लागतंय हे ओळखता येणं, मला वाटतं यातच सगळं आहे. एक कडकपणा असतो, घोट्याभोवती सगळीकडून सारखा, जणू पाय प्लॅस्टरमध्ये आहे, पोटरीवर दाब, पाय पुढे वाकवायला जोर लागतो. हा जातो. आतला फोम दबतो, अस्तर पायाच्या आकाराचं होतं, घोट्यापुढची घडी पडते, बिजागरी मोकळी होते. दुसरं असतं एका ठिकाणचं दुखणं, घोट्याच्या हाडावर, करंगळीच्या मुळाशी, अंगठ्याच्या नखावर, जिथे बोट ठेवून दाखवता येतं की इथेच. हे सहसा जात नाही, कारण तिथे वर प्लास्टिक आहे किंवा लांबीच कमी आहे, आणि प्लास्टिक चामड्यासारखं ताणलं जात नाही. "घालून घालून सैल होईल" हा सल्ला जुन्या चामड्याच्या बुटांचा, आजच्या बुटाला तो अर्धाच लागू होतो. पायाला मुंग्या येत असतील तर मात्र आधी बकलं एकेक खाच सैल करून बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं.

बूट मुरवायला घाई नको. घरात रोज अर्धा तास घालून बसायचं, उठायचं, जिना चढायचा-उतरायचा, पुढे वाकून घोटा दाबायचा. मग ट्रॅकवर दोन-तीन वेळा सावकाश. बिजागरीवाले बूट लवकर मोकळे होतात, पूर्ण कातड्याच्या घडीवर चालणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायरने तापवणं असले प्रकार करू नका, सोलचा गोंद सुटतो आणि प्लेटी वाकड्या होतात. आणि नवे बूट पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी घालणं हा खरंच धोका आहे, नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही, कारण नव्या बुटात पायाला लिव्हर कळत नाहीत.

जुन्या मऊ बुटात डाव्या पायाच्या बोटांना गिअर लिव्हर जाणवतो, कधी गुंतला, कधी नाही. नव्या बुटाचा पंजा जाड आणि घोटा ताठ, त्यामुळे वरचा गिअर टाकताना पाय पुरेसा उचललाच जात नाही आणि गिअर मध्येच न्यूट्रलमध्ये अडकतो, तेही उडीच्या तोंडावर. उजवीकडे उलटं होतं, पाय नकळत ब्रेक पेडलवर टेकून राहतो, ब्रेक घासत राहतो, तापतो आणि ऐन वेळी ढिला पडतो. रायडरला वाटतं बाईकमध्ये बिघाड आहे. उपाय पाच मिनिटांचा आहे, गिअर लिव्हर शाफ्टवरून काढून एक दाता वर बसवायचा, ब्रेक पेडलची उंची त्याच्या बोल्टवर थोडी कमी करायची, आणि बूट मुरला की दोन्ही परत बघायचं, कारण तेव्हा हीच सेटिंग चुकीची वाटायला लागते.

बूट इतका कडक का असतो तर वळणावर पाय खाली टाकतो आणि तो चारीत अडकून मागे ओढला जातो, किंवा उडी कमी पडून बाईक समोरच्या चढावर आदळते आणि पंजा नडगीकडे नको तितका दाबला जातो, घोटा मोडतो तो अशाच वेळी. बुटाने पुढे-मागे लागेल तेवढं वाकू द्यावं आणि आडवं मुरगळू देऊ नये, बिजागरीचा हेतू हाच, आणि काही बुटांत ती ठराविक कोनानंतर अडते. पण अगदी ठोकळ्यासारखा बूटही बरा नाही, घोटा वाचतो आणि तोच जोर वर नडगीत, गुडघ्यात जातो. आतला वेगळा बूट असेल तर आधार जास्त मिळतो, तो काढून धुता-सुकवता येतो, पण घालायला वेळ लागतो, गरम होतं आणि लिव्हर अजून कमी जाणवतो. युरोपात मोटरसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे मानक आहे, त्यात उंची, घासणं, कापलं जाणं आणि आडवा दाब यांना १ किंवा २ असा दर्जा देतात. बुटाच्या आतल्या लेबलवर ते आकडे बघून घ्यावेत, २ म्हणजे वरचा दर्जा. मात्र सैल बुटात यातलं काहीच नीट उपयोगी पडत नाही, प्लेट हाडाच्या जागी राहत नाही आणि पाय आतल्या आत मुरगळतो. लहान मुलांना "वाढत्या अंगाचे" म्हणून दोन नंबर मोठे बूट घेऊन देतात तेव्हा म्हणूनच काळजी वाटते. शाळेच्या बुटाला हे चालतं, इथे नाही.

सोलही दोन प्रकारचे. मोटोक्रॉसचा जवळजवळ सपाट असतो म्हणजे वळणावर टाकलेला पाय मातीत रुतत नाही, घसरत जातो. एंड्युरोचा, म्हणजे रानावनातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचा, खाचांचा, तिथे उतरून बाईक ढकलावी लागते म्हणून. लडाखच्या टूरला मोटोक्रॉसचे बूट घेणारे बरेच दिसतात, संरक्षण मिळतं हे खरं पण चालणं अवघड आणि नदी ओलांडली की आत पाणी, तिथे टूरिंगचे बूटच बरे.

आपल्याकडे पुणे, नाशिक भागात सुपरक्रॉसची, म्हणजे स्टेडियममध्ये मुद्दाम बनवलेल्या मातीच्या ट्रॅकवरच्या मोटोक्रॉसची, आवड जुनी आहे, जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यतही पुण्यात बालेवाडीला झाली. इथल्या हवेत बुटांचा शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात दोन आठवडे कपाटात राहिले की बुरशी येते, आणि काही सोलांतलं पॉलियुरेथेन तर दमट हवेत नुसतं ठेवूनही वर्षांनी भुगा होतं, न वापरता जपून ठेवलेल्या बुटांचंसुद्धा. चालवून आल्यावर माती ओली असतानाच ब्रशने काढायची, प्रेशर वॉशर शिवणीवर जवळून मारायचा नाही, बकलं उघडून, आतला सोल बाहेर काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचे, बोळे दर थोड्या वेळाने बदलायचे. उन्हात नको. बिजागरी कुरकुरत असेल तर थोडा सिलिकॉन स्प्रे. बकल, स्ट्रॅप, आणि काही बुटांत सोलचा मधला तुकडाही सुटा मिळतो, फूटपेगचे दाते तो आधी खातात, म्हणून घेतानाच या सुट्या भागांची चौकशी करून ठेवावी. एका बकलापायी चांगला बसलेला बूट टाकून पुन्हा नवा मुरवायला घेणं फार जिवावर येतं.