शाळेत लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार आज करायची असेल तर: पुण्यातली प्रक्रिया आणि कागदपत्रं

आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन या देशांनी शाळांमधल्या जुन्या बालअत्याचारांच्या चौकशीसाठी सरकारी आयोग नेमले. ऑस्ट्रेलियाचा आयोग २०१३ ते २०१७ चालला. आपल्याकडे तसा आयोग नाही. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांनी बोलायचं ठरवलं तरी जायचं पोलीस ठाण्यातच.

एका मैत्रिणीबरोबर मी अशी गेले होते. समोरच्या अंमलदारांनी पहिला प्रश्न केला, "इतकी वर्षं काय केलंत?" ती तिथेच गप्प झाली. म्हणून आधी हेच सांगते: उशीर झाला म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.

तक्रार कोण करू शकतं?

घटनेच्या वेळी वय अठराच्या आत होतं, एवढं पुरे. आजचं वय कितीही असो. महत्त्वाची आहे ती घटनेची तारीख. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा लागू झाला, मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच. त्याआधीची घटना असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागते. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या तक्रारीला मुदतच नसते. बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार आणि पॉक्सोतले लैंगिक स्पर्शाचे गुन्हे त्यात येतात. अडचण येते ती २०१२ आधीच्या विनयभंगाची: तेव्हा शिक्षा दोन वर्षांपर्यंतच होती, म्हणून मुदत तीन वर्षांची. पण उशिराचं कारण पटलं तर न्यायालय तीही माफ करू शकतं. "घरी सांगितलं, तर मलाच गप्प बसवलं" हे कारणच आहे. तक्रारीत ते जसंच्या तसं लिहा.

कुठे जायचं?

शाळा ज्या ठाण्याच्या हद्दीत, तिथे. चिंचवड-भोसरीकडची शाळा असेल तर पोलीस आयुक्तालय वेगळं, हे लक्षात ठेवा. आता तुम्ही दुसऱ्या गावी राहत असाल तर तिथल्या ठाण्यातही 'झिरो एफआयआर', म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचा एफआयआर, नोंदवता येतो. नोंद घ्यायला नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तरीही काही झालं नाही तर शिवाजीनगर न्यायालयात दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याच आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील देतं.

ती व्यक्ती आजही मुलांना शिकवत असेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगालाही कळवाच. आयोगाला साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावून घेण्याचे अधिकार आहेत.

कागदपत्रं

कागद नाहीत म्हणून गुन्हा नोंदवून घेणार नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. तरी ओळखपत्राबरोबर शाळा सोडल्याचा दाखला न्या. जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख सगळं त्या एका कागदावर असतं. हरवला असेल तर मुख्याध्यापकांकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. अनुदानित शाळा टाळाटाळ करत असेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी-नोंदवहीतली आपली नोंद मागा.

मैत्रिणीच्या कामी आला तो सातवीचा वर्गाचा फोटो. मधल्या खुर्चीत ते सर बसलेले, मागच्या बाजूला पेन्सिलने सगळ्यांची नावं. जुनी डायरी, पत्रं, समुपदेशकाकडच्या नोंदी, त्या वेळी ज्यांना सांगितलं त्यांची नावं, जे असेल ते न्या. मूळ कागद देऊन टाकू नका, झेरॉक्स द्या.

पीडिताचं नाव छापणं किंवा जाहीर करणं गुन्हा आहे, ती काळजी नको. जबाब सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा आणि एफआयआरची प्रत घेऊनच ठाण्यातून निघा. ती मोफत मिळते.