यूट्यूब चालतं, मग क्लासचं लेक्चर का नाही?

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका अभ्यासिकेत देणगीत आलेले काही जुने संगणक आहेत. त्यांवर विंडोजऐवजी फेडोरा लिनक्स ही मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेली आहे. गेल्या रविवारी राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला हाक मारली, "दादा, यूट्यूब बराबर चालून राहिलं, पण क्लासचं लेक्चर उघडूनच नाही राहिलं." पडद्यावर काळा चौकोन होता आणि त्यात एक ओळ: चालणाऱ्या फॉरमॅटचा व्हिडिओ सापडला नाही. नेट ठीक होतं, फायरफॉक्स हा ब्राउझरही ताजा होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर गेल्या वीस वर्षांच्या भांडणात आहे.

यूट्यूब २००५ साली आलं तेव्हा ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नसे. ते काम फ्लॅश प्लेयर हा प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा वेगळा प्रोग्रॅम, करायचा. तो आधी मॅक्रोमीडियाचा, २००५ च्या अखेरीपासून अडोबीचा, आणि त्याचा सोर्स कोड बंद. लिनक्सवाल्यांच्या वाट्याला तो उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आला. आठवी आवृत्ती लिनक्ससाठी निघालीच नाही. सातवीनंतर थेट नववी, तीही जानेवारी २००७ मध्ये. ६४ बिट संगणकांचे हाल वेगळेच: २००८ च्या नोव्हेंबरात चाचणी आवृत्ती आली, जून २०१० मध्ये ती बंद झाली, आणि पक्की आवृत्ती मिळायला ऑक्टोबर २०११ उजाडला. मधल्या काळात लोक ३२ बिटचा प्लगइन एका वेगळ्या रॅपरमध्ये घालून कसाबसा चालवत. नॅश, लाइटस्पार्क असे मुक्त पर्याय लिहिणाऱ्यांनी जीव तोडून काम केलं, पण दुसऱ्याच्या बंद घराचा नकाशा बाहेरून किती काढणार?

२०१२ मधली एक गोष्ट त्या काळातल्या बहुतेक लिनक्सवाल्यांना आठवत असेल. एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या बऱ्याच संगणकांवर फ्लॅशच्या व्हिडिओतली माणसं निळी दिसायची. लाल आणि निळ्या रंगांची अदलाबदल झालेली असे. उपाय एवढाच, की व्हिडिओवर उजवी क्लिक करायची, सेटिंग उघडायचं आणि हार्डवेअर अॅक्सिलरेशनची, म्हणजे व्हिडिओचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवण्याची, खूण काढायची. चेहरे माणसांचे व्हायचे आणि प्रोसेसरचा पंखा घरघरायला लागायचा. कोड बंद असल्यामुळे ती चूक बाहेरच्या कुणाला मुळातून दुरुस्त करता येत नव्हती. त्याच वर्षी अडोबीने सांगितलं की लिनक्सवर ११.२ नंतरची नवी आवृत्ती फक्त क्रोममधूनच मिळेल. २०१६ मध्ये हा निर्णय फिरवला, पण तोवर फ्लॅशचेच दिवस भरत आले होते. ३१ डिसेंबर २०२० ला तो कायमचा थांबला.

त्याची जागा घेणाऱ्या एचटीएमएल ५ (वेबपानं लिहायच्या भाषेची आवृत्ती) मधल्या व्हिडिओ टॅगची सूचना २००७ मध्ये ऑपेरा या ब्राउझर कंपनीकडून आली. प्लगइन नको, ब्राउझरनेच व्हिडिओ दाखवावा. लिनक्ससाठी यासारखी आनंदाची बातमी नव्हती. पण व्हिडिओ कोणत्या फॉरमॅटमध्ये असावा यावर घोडं अडलं. मुक्त थिओरा हा एका बाजूला, आणि दर्जाने सरस पण पेटंटांनी वेढलेला एच.२६४ दुसऱ्या बाजूला. जून २००९ च्या फायरफॉक्स ३.५ ने थिओरा घेतला, अॅपल एच.२६४ वर ठाम राहिलं. एकमत होईना म्हणून मानकातून कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या आणि उलगडायच्या पद्धतीचं, नावच गाळलं गेलं. माझ्या मते त्या मुलीचा काळा चौकोन त्याच दिवशी तयार झाला.

पुढे गूगलने ऑन२ ही कंपनी विकत घेतली आणि मे २०१० मध्ये तिचा व्हीपी८ हा कोडेक मुक्त केला. त्याच वाटेने व्हीपी९ आणि मग अनेक कंपन्यांनी मिळून केलेला एव्ही१ आला. यूट्यूबवर हे फॉरमॅट मिळतात, म्हणून ते कुठल्याही लिनक्सवर बिनबोभाट चालतं. छोट्या क्लासेसचे व्हिडिओ मात्र बहुतेक एच.२६४ मध्येच असतात. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानेही २०१२ मध्ये एच.२६४ पुढे माघार घेतली, पण स्वतः कोडेक न देता. लिनक्सवर फायरफॉक्स एच.२६४ साठी आधी जीस्ट्रीमर आणि आता एफएफएमपेग, म्हणजे संगणकात आधीच असलेली लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) वापरतो. ती पूर्ण असेल तर चित्र दिसतं. फेडोरा अमेरिकेतल्या रेड हॅट कंपनीच्या छत्राखाली आहे, आणि पेटंटांच्या भीतीने तिथे ती लायब्ररी काटछाट करूनच येते.

आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३(के) सांगतं की संगणक प्रोग्रॅम 'पर सी' हा शोध ठरत नाही. २००४ च्या अध्यादेशाने ते सैल करायचा प्रयत्न झाला, २००५ मध्ये संसदेने तो बदल ठेवला नाही. 'पर सी' या दोन शब्दांवर खल चालूच असतो, त्यामुळे इथे कोडेकना पेटंट मिळतच नाही असं म्हणता येणार नाही. तरीही परदेशातल्या वकिलांच्या धास्तीने कापलेली लायब्ररी नागपूरच्या अभ्यासिकेत जशीच्या तशी उतरते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैसे घेऊन दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांची कथा वेगळी. तिथे नक्कल होऊ नये म्हणून कुलूप लागतं, आणि ते उघडणारं गूगलचं वाइडव्हाइन लिनक्सवरच्या फायरफॉक्सला सप्टेंबर २०१६ मध्ये मिळालं.

जुन्या यंत्रांची आणखी एक अडचण मे महिन्यात कळते. २०११ च्या इंटेल चिपमध्ये एच.२६४ उलगडायची सोय आहे, व्हीपी९ ची नाही. म्हणजे मुक्त फॉरमॅटचं ओझं सगळं प्रोसेसरवर, आणि बाहेर ४५ अंश. त्यात लिनक्सवरच्या फायरफॉक्सने इंटेलसाठी हार्डवेअरची मदत आपोआप घ्यायला सुरुवात केली ती जुलै २०२३ मध्ये, ११५ व्या आवृत्तीत.

त्या रविवारी आम्ही फेडोरात न मिळणारी सॉफ्टवेअर देणारं आरपीएम फ्यूजनचं भांडार जोडलं, पूर्ण एफएफएमपेग उतरवलं आणि फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडलं. काळ्या चौकोनात फळा दिसला, त्यावर '७३ वी घटनादुरुस्ती' लिहिलेलं. तिने इअरफोन लावले आणि वही उघडली. मी शेजारच्या संगणकाकडे वळलो.