माणसं हटवली की जंगल वाचतं?

'कुऱ्हाड आणि गावकरी दोन्ही बाहेर काढा, जंगल आपोआप वाचेल' हा समज जुनाच. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातलं माया जीवावरण राखीव क्षेत्र (स्थापना १९९०) वेगळंच सांगतं. तिथलं लागुना देल तिग्रे हे कागदावर कडक राष्ट्रीय उद्यान. पण गुरांच्या कुरणांसाठी त्याचा मोठा भाग जाळला गेला. पूर्वेकडच्या कार्मेलिता, उआक्साक्तुन या गावांकडे मात्र जंगल वापरण्या-राखण्याचे सरकारशी २५ वर्षांचे करार, आणि तिथलं जंगल बरंच टिकलं. आधी झाडांची मोजदाद, मग हेक्टरमागे एखाद-दोन झाडं, मुख्यतः महोगनी, तोडायची. बियांसाठी काही राखायची. तो पट्टा पुढे काही दशकं बंद. शाते पाम या झुडपाची सजावटीची पानं विकून वरकमाई. कोरड्या महिन्यांत जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) आणि गस्त गावाचीच. करार म्हणजे जादू नव्हे, बरं का: याच क्षेत्रातल्या ला कोलोरादा गावात, जिथे नव्याने आलेले शेतकरी होते, जमिनी गुरंवाल्यांच्या हाती गेल्या आणि करार रद्द झाला.