पाय कशाला लागतात? छोट्या विमानाच्या नियंत्रणांची पार्श्वभूमी

एका इंजिनाच्या छोट्या विमानात पहिल्यांदा बसलेला शिकाऊ वैमानिक एक चूक बहुतेक वेळा करतोच. विमान जमिनीवर हळूहळू पुढे सरकत असतं, वळण येतं आणि तो समोरचा योक मोटारीच्या स्टिअरिंगसारखा फिरवतो. पंखांच्या टोकांकडची एलरॉन, म्हणजे विमान कलंडवणारी बिजागरीची फळकुटं, वर-खाली होतात, विमान मात्र सरळच जातं. प्रशिक्षक म्हणतो, ‘हात मांडीवर ठेव, पायाने वळव.’ बरं, हवेत गेल्यावर वळण हाताने घ्यायचं, तर तिथेही पाय लागतातच. हात आणि पाय यांच्यातल्या या वाटणीमागे बराच घोळ घडून गेलेला आहे.

त्याची सुरुवात राइट बंधूंपासून होते. वळायचं तर विमान एका कुशीवर कलंडायला हवं, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. त्यासाठी ते पंखच पिळत. पण १९०१ च्या ग्लायडरने, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाने, त्यांना चकवलं. डावीकडे वळण्यासाठी उजवा पंख उचलला की त्याच पंखाला हवेचा अडथळाही जास्त होतो. तो मागे रेंगाळतो आणि नाक भलतीकडेच, म्हणजे उजवीकडे सरकतं. १९०२ मध्ये त्यांनी मागे उभी, स्थिर शेपटी लावून पाहिली. त्याने कधी काम झालं, तर कधी ग्लायडर गिरकी घेत वाळूत आपटलं. शेवटी शेपटी हलती करायची, ही कल्पना ऑर्व्हिलला सुचली, आणि तिच्या तारा पंख पिळणाऱ्या तारांनाच जोडू या, असं विल्बर म्हणाला. वैमानिक पालथा झोपून कंबर सरकवायचा. पंख आणि रडर, म्हणजे ती हलती उभी शेपटी, दोन्ही एकदम हलायचे. १७ डिसेंबर १९०३ ची इंजिनाच्या विमानाची पहिली उड्डाणं याच जोडणीवर झाली.

म्हणजे पहिल्या विमानात पायांना काही कामच नव्हतं! पण दोनच वर्षांत, १९०५ च्या विमानात राइट बंधूंनी हे दोन्ही पुन्हा वेगळे केले. वळणाच्या प्रत्येक घडीला किती रडर द्यायचा, हे ठरावीक जोडणीला कळत नाही. ते माणसानेच ठरवावं लागतं. मला विचाराल तर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाच्या बारा सेकंदांइतकाच हा निर्णय मोलाचा. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर ३९ मिनिटं घिरट्या घालत राहिला, तो याच विमानात.

हातात उभा दांडा आणि पायाशी रडरचा आडवा दांडा, ही आजची मांडणी १९०८ मध्ये फ्रेंच विमानकर्ता ब्लेरियो याच्या आठव्या विमानात दिसते. तोवर ज्याला जे सुचेल ते चाललं होतं. अमेरिकन विमानकर्ता कर्टिस याच्या विमानात तर खांद्यांभोवती चौकट असे. वैमानिक ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला विमान कलंडायचं. पंख पिळण्याऐवजी बिजागरीची एलरॉन हळूहळू सगळीकडे रुळली.

बाकीच्या यंत्रणा मात्र फार साध्या होत्या. १९३० च्या दशकातल्या पायपर कब या छोट्या विमानात पेट्रोल किती उरलंय, हे टाकीतल्या बुचावर उभी असलेली तार सांगायची. टाकीच्या झाकणातून ती वर आलेली असे, काचेतून समोर दिसे. तार बुडत चालली की उतरायचं. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतंच.

पायांना सुट्टी द्यायचा मोठा प्रयत्न पुन्हा झाला तो १९४० मध्ये. फ्रेड वाइकने रचलेल्या एर्कूप या विमानात रडरचे पेडलच नव्हते. एलरॉन, रडर आणि नाकाखालचं चाक, तिन्ही एकाच चक्राला जोडलेली. नाक वर-खाली करणारा शेपटीचा एलिव्हेटर वर किती जाईल यालाही मर्यादा घातलेली, त्यामुळे विमान स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली कोसळण्यात, जातच नसे. १९४६ या एका वर्षात अशी चार हजारांवर विमानं बनली. अडचण आडव्या वाऱ्याची होती. धावपट्टीवर वारा बाजूने असला की इतर विमानं टेकण्याआधी पायाने नाक सरळ करतात. एर्कूप तिरकंच टेकायचं. चाकांचे पाय ते सोसतील असेच बनवले होते, पण वैमानिकांच्या मनाला ते पटेना. पुढच्या आवृत्त्यांत पेडल परत आले.

१९५६ मध्ये बाजारात आलेल्या सेस्ना १७२ ने वेगळा तोडगा पत्करला. पेडल ठेवले, ते नाकाच्या चाकालाही जोडले आणि पायांवरचं ओझं हलकं केलं. तिचं एलरॉन वर २० अंश जातं, खाली मात्र १५ च. खाली गेलेल्या बाजूचा अडथळा त्यामुळे कमी होतो. कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून विमान बाजूला घसरतंय का हे दाखवणारी, काचेच्या वाकड्या नळीतली काळी गोळी समोरच्या घड्याळांच्या गर्दीत टिकून राहिली. गोळी डावीकडे सरकली की डावा पाय. आता नव्या विमानांत घड्याळं जाऊन स्क्रीन आले, गोळीही गेली. तिच्या जागी स्क्रीनवरच्या, कलंडणं दाखवणाऱ्या त्रिकोणाखाली एक छोटी पट्टी आहे. ती डावीकडे सरकली, तरी डावाच पाय.